वेदना आणि वीज

'वेदना' हा शब्द 'विद्' म्हणजे जाणणें ह्या धातूपासून झाला आहे. 'वेद' आणि 'विद्वान्' हेहि त्याच कुळांतले. वर्गांत ही व्युत्पत्ति आम्ही पुष्कळ वर्षें सांगितली. साठी उलटल्यावर गुडघ्यांनीं तिचा अर्थ शिकविला. वेदना म्हणजे शरीरानें धाडलेली वार्ता होय. परंतु एकच वार्ता रात्रभर सांगत बसणारा दूत कोणास प्रिय होईल?

वडील माणसांचें दुखणें "वयोमानानें चालायचेंच" ह्या एका वाक्यानें निकालांत निघतें. आमच्या सूनबाईंनीं तें वाक्य मानलें नाहीं. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी झाली, सांध्यांची झीज आढळली, व्यायाम सुरू झाला. त्याच्या जोडीस विजेचें एक लहानसें यंत्र आलें. चिनी वैद्यकांत सांगितलेल्या गुडघ्याभोवतालच्या बिंदूंवर चिकट पट्ट्या लावून मृदु प्रवाह सोडावयाचा. मुंग्या चालल्यासारखें वाटतें, इतकेंच.

हें खूळ आजचें नव्हे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस ह्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत डोकेदुखी व वातरक्त यांवर विजेचा धक्का देणारा जिवंत मासा लावावयास सांगितलें होतें. चीनमधील सुया टोचण्याची विद्या, अॅक्युपंक्चर, तीहि फार जुनी. १९३८ सालीं सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या पथकांतून चीनला गेले, त्यांतीलच डॉ. बसू यांनीं पुढें ती शिकून कलकत्त्यास आणली.

कारणमीमांसा मात्र अलीकडची. मज्जारज्जूंत जणूं एक द्वार आहे. स्पर्शाच्या वार्तेनें तें मिटलें कीं वेदनेची वार्ता अडते, असें मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं मांडलें. मुलाच्या आपटलेल्या जागीं आई हात फिरविते त्याचें मर्म हेंच. १९७५ सालीं मेंदूंतच अफूसारखें कार्य करणारें 'एन्केफलिन' हें द्रव्य सांपडलें. सेकंदास २ स्पंदनांनीं हें द्रव्य स्रवतें व १०० स्पंदनांनीं 'डायनॉर्फिन' हें दुसरें, असें पेकिंगच्या हान जीशेंग यांनीं प्रयोगांनीं दाखविलें. औषध शरीरांतच असतें. वीज तें मागून घेते!

आम्हांस ह्या उपचारानें कांहीं तासांची स्वस्थता व बरी झोंप मिळते. झीज भरून येत नाहीं. नेमक्या बिंदूंचें महत्त्व किती व रोग्याच्या विश्वासाचें किती, ह्याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. हृदयांत पेसमेकर बसविलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हें यंत्र लावूं नये. शिवाय दूताचें तोंड बंद करण्यापूर्वीं त्याचा निरोप समजून घेतलाच पाहिजे. कारण न शोधतां दुखणें दडपणें घातक होय.

वाचकांस एकच विनंति. आपल्या घरांत पाटावरून उठतांना भिंतीचा आधार घेणारी, पण कधींहि तक्रार न करणारी कोणी आत्या, काकू वा आजी असेल. यंत्राचा विचार मागाहून करावा. आज तिला काय दुखतें तें विचारावें.