दोन स्टेशनं अलीकडे

बदलापूर स्टेशनबाहेरच्या बारमध्ये मी बारा वर्षं राजरोस गेलो. सोसायटीतली माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन समोरून जायची, मी त्यांना हातही करायचो. पण दारू सोडणाऱ्यांची मीटिंग गाठायची वेळ आली, तेव्हा कुणी पाहिलं तर काय म्हणेल, या धास्तीने मी उल्हासनगरला उतरू लागलो. मुंबईहून येताना घराच्या दोन स्टेशनं अलीकडे.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. एका गणपतीत मी आपल्या मनानेच दारू बंद केली. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. भिंत कोरी होती. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि शुद्धीवर आल्यावर झापलं. रोज पिणाऱ्याने दारू अशी एकदम तोडायची नसते. फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. औषधांखालीच उतरवावी लागते. घरी सोडताना ते म्हणाले, "अंगातली गेली. डोक्यातलीसाठी माणसं शोधा."

त्यांनी आधी पुण्याचं मुक्तांगण सुचवलं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर सुरू केलेलं. अवचटांचे लेख मी दिवाळी अंकांत वाचले होते, एखादा तर ग्लास शेजारी ठेवूनच. पण तिथे 35 दिवस राहायचं होतं. एवढी रजा मिळणार नाही, असं मी सांगितलं. मागितली मात्र नव्हती. मग उरलं एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस.

उल्हासनगरची ती खोली साधीच. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, कागदी कपात चहा. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा आहे ना, मग तुम्ही मेंबर. मध्येच एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. बाहेरची देणगी घेत नाहीत. कुणी उपदेश करत नाही, याचीच मला पहिले काही दिवस चीड यायची. उपदेश असता तर वाद तरी घातला असता.

तिथे एक सिंधी काका होते. त्यांनीच मला एएच्या जन्माची गोष्ट सांगितली, स्वतःच्या लग्नाची सांगावी तशी रंगवून. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल नावाचा शेअर दलाल हॉटेलात एकटाच होता. सौदा फसलेला, दारू सोडून थोडेच महिने झालेले, आणि लॉबीच्या एका टोकाला बार. आतला हसण्याचा आवाज बाहेर येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन. बिलने चर्चवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली : गावात दुसरा कुणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉ. बॉब हा सर्जन भेटला. "उसको सुधारने नहीं गया था," काका म्हणाले, "खुद बचने गया था." मला बदलापूर स्टेशनचा जिना आठवला. तिथेही आवाज खालपर्यंत येतो.

मीटिंग हिंदीत चालायची. मी उभा राहून म्हणायचो, "मैं अल्कोहोलिक हूँ." छान जमायचं. बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्याचंही सांगितलं, तेही हिंदीत. लोक टाळ्या वाजवायचे. घरी येताना मात्र वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाचं ऐकून आलो.

मग पावसाळ्यात एका गुरुवारी रुळांवर पाणी आलं आणि गाड्या बंद पडल्या. मी सकाळपासून घरीच होतो. संध्याकाळी पाच वाजल्यापासून अंगात खाज सुटल्यासारखं होऊ लागलं. काकांना फोन केला. "अरे, तेरे बदलापूर में ग्रुप है, ईस्ट में. पहले दिन ही बताया था." सांगितलं होतं खरंच. बायको पोळ्या लाटत होती. "मग जा ना तिकडे," म्हणाली. मान वर न करता.

छत्री घेऊन गेलो. सात माणसं, सगळी मराठी. ओळखीचं कुणी नव्हतं. माझी पाळी आली. नाव सांगितलं आणि अडलो. 'मद्यपी' तोंडात येईना, तो शब्द पेपरातल्या बातमीतला. 'अल्कोहोलिक' म्हटलं तर पुन्हा हिंदीतल्यासारखं सुटून जाणार. आमच्या चाळीत एक माणूस गटाराकडेला पडलेला असायचा. आई आमचं तोंड दुसरीकडे वळवून एकच शब्द म्हणायची. तोच बाहेर आला. "मी बेवडा आहे."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग चेअरवर बसलेले गृहस्थ म्हणाले, "अल्कोहोलिक म्हटलंत तरी चालतं हो इथे." सगळे हसले. मीही हसलो, आणि नंतर बराच वेळ बोलताच येईना. त्या दिवशी बांगड्यांचं सांगितलं नाही. मुलगी सहावीत असताना मला स्टेशनवर घ्यायला आली होती, ते सांगितलं, तेही अर्धंच.

पुढच्या गुरुवारी गाड्या सुरू होत्या. सवयीने उल्हासनगरला उतरलो. काकांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "कैसा था अपने गाँव में?" मी म्हटलं, मराठीत बोलावं लागलं, अवघड गेलं.

"तो यहाँ भी मराठी में बोल," ते म्हणाले. "हम समझ लेंगे."