आमच्या नळाचे पाणी

निगडीत नळाला पाणी आले की घरोघरी भांड्यांचा आवाज सुरू होतो. हे पाणी येते कोठून, हे मुलांना दाखवावे म्हणून एका रविवारी आम्ही सहकुटुंब पवना धरणाकडे निघालो.

आकुर्डीहून कामशेतची लोकल धरली. देहूरोड स्टेशन आले आणि हात आपोआप जोडले गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

कामशेतहून पवनानगरच्या वाटेवर बेडसे लेणी आहेत. चैत्यगृहात वंदना घेऊन आम्ही कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी आलो. तेथे ब्राह्मी लेख आहे. सामडिनिका नावाच्या महारठिनीचे हे धम्मदान! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने तहानलेल्यांची सोय केली, हे ऐकून आमची धाकटी हरखली.

पुढे पवना धरण. सन १९७२ मध्ये पूर्ण झालेली ही मातीची भिंत साडेआठ टी.एम.सी. पाणी अडवते. मागे तुंग आणि तिकोना उभे आहेत. येथून सोडलेले पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथे ते उपसून निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध करतात. वाटेत त्याच नदीवर पंप बसवून मावळचा शेतकरी भात आणि ऊस पिकवतो.

हेच पाणी धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळाने आणण्याची योजना निघाली, तेव्हा नदी आटेल या भीतीने शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक माउली होती. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांनाही पुनर्वसनासाठी अर्धशतक झगडावे लागले.

"मग हे पाणी कोणाचे?" धाकटीने विचारले. आम्ही तिला महाडची हकीकत सांगितली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाणी सर्वांचे आहे हे ठरवण्यासाठी. ज्या समाजाने पाण्यासाठी मार खाल्ला, त्याने दुसऱ्याच्या वाट्याचा विचार आधी केला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, सुट्टीत मुलांना येथे जरूर न्या. घरी आल्यावर वाहता नळ बंद करा. आणि धरणग्रस्तांची सभा कोठे असेल, तर आपलीही चार माणसे तेथे असू द्या.

जयभीम!