थोरली कारभारीण

पारगाव म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न ठरलेला : कुठलं? आळ्याजवळचं, जुन्नर तालुक्यातलं, की कारखान्याचं, आंबेगावातलं? नाव एक, गावं दोन, आणि चुकीच्या एसटीत बसलात तर दिवस गेला. आज ज्या बाईंशी तुमची ओळख करून द्यायची आहे, त्यांच्या बाबतीतही लोक हेच चुकतात. एकाच सॉकेटचे दोन मदरबोर्ड शेजारी ठेवले तर सख्ख्या बहिणी वाटतात. पण एकीच्या घरात जुना प्रोसेसर उधळलेल्या खोंडासारखा पळतो, आणि दुसरीच्या घरात तोच प्रोसेसर मान खाली घालून बसतो.

'तो मदरबोर्ड' असं आपण म्हणतो. नावात आई आणि व्याकरणात बाप्या! मी मात्र तिला बाईच म्हणणार, कारण घर ती चालवते.

तिचं पहिलं दुखणं मानाचं आहे. कुणी जुना कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करायला काढला, म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं लिहून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं ठरवलं, की सगळी चर्चा प्रोसेसरची. बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांची नावं पोरासोरांना पाठ असतात. घाट, म्हणजे पळायची वाट, कसा बांधलाय हे बारी हुकल्यावर आठवतं. हिचंही तसंच. कॉम्प्युटर बंद पडला तरच तिचं नाव निघतं : "बोर्ड गेला असंल."

गावातला एक मुलगा लग्नांचे आणि शर्यतींचे व्हिडिओ एडिट करतो. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि त्याच्याकडं कामाची रांग लागली. त्यानं पुण्याहून वापरलेला आय५-२५००के आणला. हा २०११ सालचा गडी. १०० ला ३३ नं गुणायचं, की ३,३०० मेगाहर्ट्‌झ. नावातला 'के' म्हणजे तो ३३ चा गुणक वाढवायची मुभा. पोरानं त्याला घरच्या एच६१ बोर्डावर बसवलं, बायोस उघडलं आणि ३३ चे ४४ करायला गेला. बाई ऐकेना. एच६१ हा इंटेलनं काटकसरीच्या घरांसाठी काढलेला चिपसेट. कारभार चोख, पण गुणक वाढवायला बंदी. पी६७, झेड६८ आणि २०१२ चा झेड७७ यांचा हात मोकळा. नवरा 'के' घराण्यातला असून भागत नाही, पत्रिका दोघांची जुळावी लागते.

पी६७ला बालपणी मोठं आजारपण आलं होतं, तेही जाता जाता सांगतो. २०११ च्या जानेवारीत तिच्या साटा पोर्टांत दोष निघाला आणि इंटेलनं पुरवठाच थांबवला. सुधारून आलेल्या बोर्डांवर 'बी३' अशी खूण असते. शिवाय पी६७कडं डिस्प्ले काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, म्हणजे स्वस्तात मिळाली तरी हुंडा आपणच द्यायचा.

तिच्या आत्याबाई, म्हणजे ७७५ सॉकेटची पिढी, आणखी वेगळ्या. त्यांच्याकडं गुणक बहुतेकांना बंद, पण एफएसबी, म्हणजे ज्याला गुणायचं तो मूळ आकडा, खुला. कोअर टू ड्युओ ई७४०० घ्या : २६६ गुणिले साडेदहा, म्हणजे २,८००. २६६ चे ३३३ केले की थेट ३,५००. पण आत्याबाईंच्या घरी पंगत एकच. प्रोसेसरला वाढलं की रॅमच्या ताटातही पडतं, आणि रॅमला झेपलं नाही तर अख्खी पंगत उठते. पी३५ आणि पी४५ या आत्या असल्या पंगती हसत निभावतात. जी३१, जी४१ चार पाहुण्यांत दमतात.

बाईची खरी पारख स्वयंपाकघरात होते. सॉकेटच्या कडेनं जे चौकोनी करडे ठोकळे ओळीनं बसलेले दिसतात, त्यांना चोक म्हणतात. ढोबळमानानं एक चोक म्हणजे एक चूल. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, १२ व्होल्ट आणून दारात ठेवतो, प्रोसेसर जेवतो सव्वा व्होल्टच्या आसपास. १२ चे सव्वा करून गरमागरम वाढायचं काम बाईचं. ९५ वॅटचा प्रोसेसर १.२ व्होल्टवर सुमारे ८० अँपिअर ओढतो. आता त्याला ३३ वरून ४४ वर न्या, त्यासाठी व्होल्टेज १.३५ करा. खर्च वेगाच्या पटीत वाढतो आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ९५ चे १६० वॅट होतात आणि ओढ १२० अँपिअरपर्यंत जाते. हा स्वयंपाक तीन चुलींवर टाकला तर प्रत्येकीवर ४० अँपिअर, सहा चुलींवर टाकला तर २०. तीन चुलींची बाई बोलून दाखवत नाही. ती तापते, आणि थोड्या वेळानं गुपचूप प्रोसेसरचा वेगच खाली ओढते. एएमडीच्या १२५ वॅटच्या एफएक्स-८३५० ला स्वस्त बोर्डावर बसवणाऱ्यांनी हे पुष्कळ सोसलंय. म्हणून बोर्ड हातात आला की आधी चुली मोजा. शेजारच्या मॉस्फेट नावाच्या चिपांवर हीटसिंक आहे का, तो स्क्रूनं आवळलाय का ते बघा. प्रोसेसरच्या वीजजोडणीला ४ पिना आहेत की ८, तेही बघा.

नटायची हौस मात्र दांडगी. लाल हीटसिंक, सोनेरी पट्ट्या, अंगभर प्लॅस्टिकचं चिलखत, नावात 'गेमिंग'. दागिने बघून भुलू नका. साध्या निळ्या पाटीची, मधल्या किमतीची, आठ चुलींची बाई मला नेहमी जास्त भरवशाची वाटत आली आहे.

रुसणं हा तिचा हक्कच आहे. झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं की पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. दोन-तीनदा आपणच चालू-बंद होते आणि मग सगळं मूळपदावर नेऊन ठेवते. तेही न केलं तर आधी वायर काढायची, मग सीआर२०३२ चा चपटा सेल काढून पाच मिनिटं थांबायचं, सेल परत बसवायचा. उठते, पण तारीख स्वतःच्या जन्माच्या आसपासची सांगते. रागात माणसाला जुनंच आठवतं.

असली मोकळ्या हाताची बाई आता वापरलेलीच मिळते : पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळा, मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोड. एच६१ दुधाच्या एका पगारात सहज बसते; झेड७७ ला पुष्कळदा प्रोसेसरपेक्षा जास्त मोजावे लागतात, आणि ते मोजावेत. सॉकेट उजेडात तिरकं धरा. पिनांची चमक एकसारखी दिसली पाहिजे, मध्येच काळा ठिपका दिसला की पिन वाकलेली. कपॅसिटरची टोपी सपाट हवी. फुगलेली असेल तर फुकटही घेऊ नका. दुकानदाराला डिस्प्ले काढून दाखवायला लावा, रॅमचे सगळे स्लॉट तपासा, बायोस कुठलं ते विचारा. २०१४ साली पेंटियम जी३२५८ आला, तेव्हा काही कंपन्यांनी नुसतं बायोस बदलून बी८५ आणि एच८१ सारख्या साध्या बोर्डांनाही ओव्हरक्लॉकिंग शिकवलं होतं. शिकवलं की शिकतात बायका.

आणि तिला घरी आणण्याआधी घर बघा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर घरात आर्थिंग नाही. पहिला खर्च त्याचा. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर यूपीएसचा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागची माती खिडकीतून थेट पंख्यात येते, तेव्हा महिन्यातून एकदा ब्रशनं झाडून घ्या. पालीला कॅबिनेटची ऊब फार आवडते. मागच्या मोकळ्या खाचांना पट्ट्या लावूनच टाका.

आमच्या भागात आणखी एक फसगत होते. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरकडं थंडी कडक पडते. त्या थंडीत पहाटे लावलेलं सेटिंग झकास चालतं आणि पोरं खूश होतात. खोलीत त्या वेळी १० अंश असतात, मे महिन्यात दुपारी ३८. हे मधले २८ अंश बाईच्या अंगावर जसेच्या तसे चढतात. तिला पारखायचं तर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तासभर व्हिडिओ रेंडरला लावून पारखा.

त्या मुलानं शेवटी आठ चुलींची साधी झेड७७ आणली. थंडीत ती ४५ वर चालली. मे महिन्यात त्यानं ४२ वर आणली, आणि गेले दोन उन्हाळे ती ४२ वरच आहे.