नोंद कोणाच्या नावावर

डोमेन नाव कायमचे विकत घेता येत नाही, ते मुदतीने मिळते. डॉट कॉम किंवा डॉट इनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण. मुंबईच्या कॉटन ग्रीनमध्ये हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. इथली बहुतेक जुनी गोदामे बंदराच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत, त्यामुळे पट्टा कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत, हे प्रश्न सवयीचे आहेत.

प्रत्येक शेपटाची एक मुख्य नोंदवही असते. डॉट कॉमची व्हेरीसाइन या कंपनीकडे, डॉट इनची निक्सी या भारतीय संस्थेकडे. डॉट इनची सुरुवात मात्र मुंबईतली: १९८९ मध्ये ते जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे सोपवले गेले. २००५ पासून ते निक्सीच्या देखरेखीखाली रजिस्ट्रारांमार्फत सर्वांना खुले झाले. ग्राहकाचा व्यवहार रजिस्ट्रारशी होतो आणि रजिस्ट्रार मुख्य वहीत नोंद करतो.

ही वही पाहण्याची जुनी सोय म्हणजे ‘हूइज’. तिचे पहिले लेखी वर्णन १९८२ चे. नाव टाकले की धारकाचे नाव, पत्ता, फोन सगळे साध्या मजकुरात समोर येई. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यावर व्यक्तींचे तपशील झाकले गेले, आणि ते योग्यच झाले. घरबसल्या काम करणाऱ्या बाईचा फोन नंबर जगाला कशाला हवा? व्यापारी पेढीने मात्र आपले नाव उघडे ठेवावे. आता हूइजची जागा ‘आरडॅप’ने घेतली आहे.

धारक झाकला तरी उरलेली नोंद पुष्कळ बोलते. कॉटन ग्रीनच्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात नेहमीच्या पार्टीच्या नावाने मेल आला: बँक खाते बदलले आहे, भाड्याची रक्कम नव्या खात्यात भरा. बिल्टीचे नंबरही बरोबर होते. मी पाठवणाऱ्याचे डोमेन आरडॅपवर तपासले. नावात एकच अक्षर जास्त होते आणि नोंदणी त्याच आठवड्यातली होती. वीस वर्षे धंद्यात असलेल्या पेढीचे डोमेन चार दिवसांचे कसे असेल? नोंदीत रजिस्ट्रारचे नाव आणि तक्रारीचा ई-मेलही होता. पैसे थांबवले, १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवले.

मेल कोणत्या यंत्रावरून आला हे सांगणाऱ्या आयपी पत्त्यांची वही वेगळी असते. आशिया-प्रशांत भागाचे पत्ते ब्रिस्बेनच्या एपनिककडून वाटले जातात. भारतात २०१२ पासून निक्सीचाच ‘आयरिन’ विभाग हे काम पाहतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. म्हणून कोणता गट कोणाकडे, ही नोंद फार जपावी लागते. मात्र ती माणसाच्या दारापर्यंत नेत नाही. गट ज्या कंपनीला दिला तिचे नाव सांगून ती थांबते. त्या क्षणी पत्ता कोण वापरत होते, हे फक्त त्या कंपनीच्या दफ्तरात असते आणि पोलिसांनी रीतसर मागितल्यावर मिळते.

त्या मेलच्या हेडरमधला पत्ता परदेशी होस्टिंग कंपनीच्या गटातला निघाला. तिच्याकडे आणि रजिस्ट्रारकडे हेडरसह तक्रार गेली. पुढे त्या डोमेनच्या नोंदीत ‘क्लायंट होल्ड’ अशी स्थिती दिसू लागली, म्हणजे रजिस्ट्रारने ते नाव चालू वापरातून काढले होते.