गोष्टीचे घटक : व्याख्या नको, पाच प्रश्न



"कथानक म्हणजे घटनांची साखळी..." सहावी-सातवीची पोरं व्याख्या धडाधड म्हणून दाखवतात. पण अनोळखी उतारा दिला की सगळे गप्प. म्हणून यंदा मी व्याख्या बाजूला ठेवल्या आणि फळ्यावर पाचच प्रश्न लिहिले : कोण? कुठे आणि कधी? अडचण काय? वळण कुठे? शेवटी काय बदललं?

कथेत ही उत्तरं पटकन सापडतात. खरी मजा येते ती साहित्यप्रकार बदलला की.

आधी कुसुमाग्रजांची 'कणा' घेतली. "सर, ही तर कविता, हिच्यात गोष्ट कुठली?" मग शोध सुरू झाला. पुराने घर मोडलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो. अडचण काय? निम्मा वर्ग म्हणाला, पूर. एक मुलगी म्हणाली, "पूर तर येऊन गेला. आता त्याला एकटं वाटतंय, ती अडचण." आणि वळण? सरांचा हात खिशाकडे जातो तिथे. "त्यानं पैसे घेतले असते तर गोष्टच वेगळी झाली असती," मागच्या बाकावरून आवाज आला. पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

नाटकात पात्राचं वर्णन करणारा लेखक समोर नसतो. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण तिच्या बोलण्या-वागण्यातूनच ओळखायची. मुलांना संवाद मोठ्याने वाचायला दिले की 'कोण?'चं उत्तर आपोआप मिळतं.

मग व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तली (1955) काही पानं वाचली. माणदेशातली धनगरांची वाडी, दुष्काळ पडतो आणि ती ओस पडते. आमच्या वर्गातही दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात, आईबाप ऊसतोडीला जातात. एरवी हात वर न करणारा त्यातलाच एक जण म्हणाला, "सर, पाऊस पडला असता तर ही गोष्ट झालीच नसती." स्थळ आणि कथानक यांचा संबंध इतका सोपा करून मला डी.एड.ला कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने हेच पाच प्रश्न वापरून स्वतःच्या घराची गोष्ट लिहून आणली. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'अजून माहीत नाही.' मी ते तसंच ठेवलं.

पालकांनो, घरी सिनेमा बघताना किंवा आजीची गोष्ट ऐकताना यातला एखादा प्रश्न विचारून बघा. उत्तर चुकलं तरी चालेल, फक्त "असं का वाटलं?" एवढं जरूर विचारा.