अर्ध्या तंबूचा मालक

आमच्या आसेगावात मालकी सहसा पूर्णांकात सांगतात. वावर इतके एकर, बैलजोडी एक, म्हशी दोन. अपवाद फक्त विहिरीचा. विहिरीत चुलत्याचा अर्धा हिस्सा असू शकतो, आत्याचा तिसरा असू शकतो, आणि त्यावरून वर्षानुवर्षे अबोलाही असू शकतो. मी मात्र विहिरीचा नव्हे, एका तंबूचा अर्धा मालक आहे. उरलेला अर्धा माझ्या मित्राचा. तो आपल्याच महाविद्यालयात माझ्या बाकावर तीन वर्षे बसला, तेव्हा ओळख वेगळी करून देत नाही.

वाचकहो, तंबू म्हटले की आपणांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे एन.सी.सी.च्या शिबिरातला तो खाकी तंबू उभा राहतो. जाड कॅनव्हास, मधोमध खांब, आणि पावसात भिजला की उचलायला चार कॅडेट! "आतून कापडाला बोट लावू नका, लावाल तेथून गळेल," ही तंबी आम्ही ऐकली आणि प्रत्येकाने एकदा तरी बोट लावून खात्री करून घेतली. तसला तंबू पाठीवर घेऊन कळसूबाईला जाणे शक्य नव्हते. आणि कळसूबाईला तर जायचे ठरले होते. भूगोलाच्या तासाला 1646 मीटर हा आकडा इतक्या वेळा लिहिला होता की, महाराष्ट्रातले ते सर्वांत उंच ठिकाण खरोखर आहे की केवळ परीक्षेपुरते आहे, हे एकदा पाहून यावे असे आम्हांस वाटू लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी सोयाबीनच्या सोंगणीला गेलो, मित्र मोबाईलच्या दुकानात बसला. दोघांचे मिळून बेचाळीसशे रुपये जमले. एवढ्या पैशांत कोणता तंबू घ्यावा यावर आम्ही जितका अभ्यास केला तितका बी.ए.च्या कोणत्याही पेपराचा केला नसेल. एक किलोचे तंबू असतात, पण त्यांची किंमत पाहून आम्ही पान उलटले. आमच्या ऐपतीतला तंबू अडीच किलोंचा. तो दोघांत वाटला की प्रत्येकी सव्वा किलो, म्हणजे एका पायलीचेही ओझे नाही. कापड एकाने घ्यायचे, काठ्या व खुंट्या दुसऱ्याने. काठ्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात अशी फार इच्छा होती, पण हाती आल्या फायबरच्या. त्या वाकतात छान, मात्र एकदा चिरल्या की बांबूसारख्या उभ्या चिरतात. वरच्या कापडावर पाण्याचा किती मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलला जातो, यावर त्याचा पक्केपणा मोजतात. आमच्याचा दोन हजार. खालच्या चादरीचा आकडा याहून अधिक लागतो, कारण गुडघा टेकला की ओल्या जमिनीतले पाणी वर दाबले जाते. हे सर्व ज्ञान आम्ही एकमेकांना वारंवार ऐकवीत असू. रंगावरून मात्र भांडण झाले. फोटोत उठून दिसावा म्हणून त्याला नारिंगी हवा होता, मला हिरवा. नारिंगी आला.

"दोन माणसांचा" या शब्दांविषयी एक इशारा देऊन ठेवतो. सव्वादोन हात रुंद आणि साडेचार हात लांब जागेत दोन माणसे मावतात खरी, पण एकाने कूस बदलली की दुसऱ्याने बदललीच पाहिजे. अर्थात याहून मोठ्या माणसांनी असे दिवस काढले आहेत. ममरी नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाने गेल्याच्या आधीच्या शतकात एक हलका तंबू वापरात आणला, त्याला खांब म्हणून बर्फातल्या कुऱ्हाडीच लावीत; जी वस्तू हातात आहेच तिचेच ओझे पुन्हा कशाला वाहायचे, हा त्यातला हिशेब. पुढे 1953 साली 28 मेच्या रात्री हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्याखाली दोघांच्याच तंबूत होते. हिलरीने बूट काढून ठेवले आणि सकाळी ते गोठून लाकूड झाले होते. स्टोव्हवर धरून मऊ करावे लागले. हे वाचल्यापासून माझा मित्र बूट उशाशी घेऊन झोपतो, मग हवा कितीही गरम असो.

जाण्यापूर्वी रंगीत तालीम म्हणून आमच्या वावरात, नाल्याच्या काठी तंबू ठोकला. थंडी होती म्हणून सगळ्या चेना गच्च लावल्या, वरची जाळीही झाकली. पहाटे कपाळावर थेंब पडला. पाऊस तर नव्हता! आतले कापड घामेजल्यासारखे ओले, पांघरुणे दमट. दुकानदाराने फसवले म्हणून आम्ही त्याचा यथेच्छ उद्धार केला. वास्तविक ते पाणी आमचेच होते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात निघालेली वाफ बाहेर जायला वाट नाही, तेव्हा ती गार कापडाला चिकटून थेंब होते. शिवाय सखल जागेत थंड हवा साचते, नाल्याचे दव वेगळेच. उंचवटा पाहावा, झरोके उघडे ठेवावेत, वरचे कापड ताणून आतल्यापासून दूर राखावे, एवढे तीन धडे त्या रात्रीत मिळाले.

त्या सकाळी वडील धुऱ्यावर उभे होते. बराच वेळ तंबूकडे पाहून म्हणाले, "अबे, हे मच्छरदानी कायले आनली? याच्यात बसून रोही दिसन का तुले?"

आम्ही हसलो. कळसूबाई झाली. बारी गावात एकांच्या परवानगीने भाताच्या कापलेल्या खाचरात मुक्काम केला, टणक जमिनीत दोन खुंट्या वाकल्या, पहाटे लोखंडी शिड्या चढून माथ्यावर गेलो, वाऱ्याने कान बधिर झाले. त्याचे वर्णन आमच्या आधी अनेकांनी या अंकात केले आहे, मी करीत नाही. परत आलो आणि तंबू वाळायला अंगणात टाकला. तेथून पुढे त्याचे जे झाले तेच मला सांगायचे आहे.

आमच्याकडे हरभरा घाटीवर आला की जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत तीन महिन्यांची मेहनत संपवतात. वडील वर्षानुवर्षे मचाणावर जागतात. चार खांब, वर बाज, डोक्यावर प्लास्टिकचा तुकडा, चारही बाजू उघड्या. हाताशी डबा आणि काठी, खाली शेकोटी. दरवर्षी डिसेंबरात त्यांना खोकला धरतो तो होळीपर्यंत सोडत नाही. घरात आम्हांला त्या खोकल्याची इतकी सवय की घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे तो ऐकू येईनासा झाला होता.

जानेवारीतल्या एका रात्री अंगणातला तंबू नाहीसा झाला. सकाळी वडील उशिरा परतले. आई चुलीपाशी म्हणाली, "आज खोकलले नाहीत." वडिलांनी पायरीवर बसून नुसते म्हटले, "झोप लागली बे मले." चोरी कबूल करावी तशा आवाजात. नाल्याकडची हरभऱ्याची पाच तासं रोह्यांनी साफ केली होती.

मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. पाच तासांचे वाईट वाटलेच. पण आपला बाप जागलीवर बहुधा पहिल्यांदाच रात्रभर झोपला, हे ऐकून आनंद झाला म्हणावे, तर तो आनंद कोणापुढे बोलून दाखवायचा? वडिलांची मच्छरदाणीची थट्टा मला तेव्हा कळली. वाऱ्याने कापड फडफडते, त्यात घाट्यांचा आवाज बुडतो. आत बॅटरी लावली की उजेड कापडावरच पडतो, बाहेर काळोख अधिक दाट होतो. चेन उघडेपर्यंत जनावर पोट भरून जाते. मचाण चारी बाजूंनी उघडे आहे ते गरिबीमुळे, असे मी समजत होतो.

मी मित्राला फोन केला. तो तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता. माझा हिस्सा मी वडिलांना दिलाच असता, पण विहिरीच्या हिश्शाची भांडणे पाहिलेला मी, विचारणे भाग होते. तो म्हणाला, "काकांचा खोकला कसा आहे?" मग म्हणाला, "राहू दे तिथंच. उन्हाळ्यात लागला तर मागीन." उन्हाळा गेला, त्याने मागितला नाही. मध्यंतरी शेकोटीची एक ठिणगी उडून वरच्या कापडाला भोक पडले. वडिलांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ सोल्युशनने चिकटवले. तिथून अद्याप गळलेले नाही.

आता तंबू मचाणाच्या बुडाशी असतो, दार मचाणाकडे. दोन माणसांचा तंबू, पण आत एका वेळी एकच. पहिली पाळी माझी. मी वर बसतो, डबा वाजवतो, खाली वडील घोरतात. दोनच्या सुमारास चेन वाजते, कानटोपी बाहेर येते.

"जाय, झोप आता. आन झरोका उघडा ठेवजो, नाही तर पानी पडन."