पळवणकर बाळू: चेंडू चालतो, पण हात चालत नाही?



एखादा 17-18 वर्षांचा फिरकी गोलंदाज भारतीय संघात आला की आठवडाभर आपल्या मोबाईलवर दुसरे काही दिसत नाही. काल कुठल्या मैदानावर होता, आज कुठे पोहोचला, त्याच्या आईवडिलांनी किती खस्ता खाल्ल्या, सगळे येते. त्या पोराचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या पोस्टखाली कोणीतरी हमखास लिहितो, "बघा, खेळात जात नसते. खेळात फक्त मेरिट असते." माझे भांडण त्या पोराशी नाही, या वाक्याशी आहे. कारण हेच वाक्य पुढे नोकरीत, शिक्षणात आणि आरक्षणाच्या वादात आपल्या तोंडावर फेकले जाते.

मी केमचा. करमाळा तालुक्यातले आमचे हे गाव बाहेरच्या लोकांना दोन गोष्टींमुळे माहीत असते, एक कुंकू आणि दुसरे सोलापूर-पुणे मार्गावरचे रेल्वे स्टेशन. भीमजयंतीच्या आसपास आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. पिके निघालेले मोकळे रान, चुन्याच्या रेघा, स्पीकरवर कॉमेंट्री. माझा भाचा तिथेच गोलंदाजी शिकला. डावरा आहे, 15 वर्षांचा. टेनिस बॉल फारसा वळत नाही, पण हा त्यालाही वळवतो. चांगले दांडगे गडी त्याच्यापुढे बॅट फिरवत राहतात आणि मागे स्टंप पडतो.

गेल्या वर्षी त्याला एका शहरात निवड चाचणीला नेले. पहाटेच्या गाडीने निघालो. केमला बऱ्याच गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे जी थांबते तीच आपली. तिथे पहिला प्रश्न विचारला गेला, "कुठल्या अकॅडमीचा?" दुसरा प्रश्न, "सीझन बॉलवर किती वर्षे?" पहिल्याचे उत्तर नव्हते आणि दुसऱ्याचे उत्तर होते काही महिने, तेही उसन्या बॉलवर. त्याला एक षटक टाकू दिले. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मामा, सहाच चेंडू टाकू दिले की. हात गरम व्हायच्या आधीच बस म्हणाले."

त्याला कोणी जात विचारली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. विचारायची गरजच नव्हती. अकॅडमीची फी, चामड्याचा चेंडू, स्पाइकचे बूट, नेटमध्ये रोज दोन तास चुका सांगणारा माणूस, शहरात राहायला एखादे नातेवाइकाचे घर, हे सगळे ज्याच्याकडे पिढ्यांपासून आहे त्याला 'मेरिट' म्हणतात. फिरकीला तर हे जास्तच लागू पडते. वेगवान गोलंदाजाचा वेग दोन चेंडूंत डोळ्यात भरतो. फिरकी गोलंदाज मात्र फलंदाजाला वाचतो, एक चेंडू उंच देतो, दुसरा थोडा आखूड टाकतो, तिसऱ्याला फसवतो. त्याला वेळ द्यावा लागतो. आणि वेळ कोणाला द्यायचा, हे कोण ठरवते?

हा प्रश्न आजचा नाही. भारतातल्या पहिल्या मोठ्या फिरकी गोलंदाजाच्या आयुष्यात तो सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता. त्यांचे नाव पळवणकर बाळू. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? माझ्या भाच्याला नव्हते. त्याच गाडीत मी त्याला ही गोष्ट सांगितली.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. चांभार समाजातले, वडील लष्करात चाकरीला. पोरगेपणीच बाळू पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात महिना 3 रुपयांवर खेळपट्टी झाडायला आणि रोलर ओढायला लागले. तिथून 1892 च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये 4 रुपयांवर गेले. काम तेच, खेळपट्टीची मशागत करायची, जाळी लावायची, रेघा मारायच्या. साहेबांना सरावासाठी गोलंदाज हवा होता, म्हणून या पोराच्या हातात चेंडू आला. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याविरुद्ध तासन्‌तास सराव करायचा. 16-17 वर्षांचा डावखुरा पोरगा रोज त्या काळच्या उत्तम फलंदाजाला गोलंदाजी करतो, यापेक्षा मोठी अकॅडमी कोणती?

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हजारो चेंडू टाकणाऱ्या या पोराला पूना क्लबमध्ये कधी बॅट हातात घेऊ दिली नाही. फलंदाजी ही मालकाची, गोलंदाजी ही नोकराची. घाम गाळायचे काम आपल्याकडे आणि टाळ्यांचे काम त्यांच्याकडे, ही वाटणी क्रिकेटच्या मैदानावरही तशीच उतरली होती.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते. हरवायचे तर बाळू हवेत. मग वाद सुरू झाला, अस्पृश्याला संघात घ्यायचे का? शेवटी घेतले. कसे घेतले ते ऐका. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे टेबल वेगळे. तोच चेंडू त्यांच्या बोटांतून सुटून यष्टिरक्षकाच्या हातात जात होता, तेव्हा विटाळ होत नव्हता. विटाळ फक्त पाण्याला आणि भाकरीला होता. बाळूंनी विकेट घेतल्या, साताऱ्यात जाऊन गोऱ्यांच्या जिमखान्याला हरवले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले आणि त्यांच्या पंक्तीचा प्रश्नही हळूहळू सुटत गेला. म्हणजे माणूस म्हणून जे जन्मतः मिळायला हवे होते, ते बाळूंना विकेट घेऊन मिळवावे लागले. विकेट मिळाल्या नसत्या तर?

मुंबईला आल्यावर बाळू हिंदू जिमखान्याकडून आणि रेल्वेकडून खेळले. 1906 मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंच्या फिरकीचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. लीस्टरशायरवर विजय मिळवला तो त्यांच्या गोलंदाजीवर. सोमरसेटला हरवले तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम यांनी शतक ठोकले होते. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या काळी कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणालाही बाळूंचा अभिमान होता.

आता हिशेब करा. 17 व्या वर्षी चेंडू हातात आला आणि इंग्लंडला जायला मिळाले तेव्हा वय 35. भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये, तेव्हा बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. त्या काळी अशा दौऱ्याची सोयच नव्हती, हे मान्य. पण कर्णधारपदाचे काय? ते तर मुंबईतच होते. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. एम. डी. पै यांना ते मिळाले तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले की हा मान बाळूंचा होता. पैंच्या मनाचा मोठेपणा मी मान्य करतो. पण निवड करणाऱ्यांच्या मनाचे काय?

1920 मध्ये बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपदही पुन्हा वरच्या जातीच्याच हाती गेले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी 31 जानेवारीला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला होता आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. वारा एकच होता. गदारोळ झाला, बाळूंना परत घ्यावे लागले आणि उपकर्णधार करावे लागले. 1923 मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंच्या विकेटांनी जेवणाच्या टेबलावर जागा मिळवली, पण कर्णधाराची खुर्ची मिळाली ती दोन भावांनी "आम्ही खेळणार नाही" म्हटल्यानंतर. गुणवत्ता दारापर्यंत नेते, दार उघडायला संघर्ष लागतो.

इथे काही तरुण कार्यकर्ते मला अडवतात. "दादा, हेच बाळू 1937 ला बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते ना? मग त्यांचे गोडवे कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळायचा नाही. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. त्या वाटाघाटींत ते एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. साहेब जिंकले, पण फार मोठ्या फरकाने नाही.

मी भाच्याला हेही सांगितले, आणि हाच धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्यवस्था एखाद्याला एकट्याला वर घेते तेव्हा त्याला म्हणते, "बघ, आम्ही तुला जवळ केले. मग तुझ्या बाकीच्यांनी भांडायचे कारण काय?" बाळूंना ज्यांनी उशिरा का होईना पंक्तीला बसवले, त्यांच्या मनपरिवर्तनावर त्यांचा विश्वास बसला असेल, तर तो माणूस वाईट ठरत नाही. बाबासाहेबांचा विश्वास मात्र मनपरिवर्तनावर नव्हता, हक्कावर होता. एकाला जागा मिळणे आणि सगळ्यांना हक्क मिळणे यातला फरक त्यांना दिसत होता. बाळूंचे राजकारण आपले नाही. पण त्यांनी टाकलेला प्रत्येक चेंडू आपला आहे. त्यांना विसरलो तर फायदा "खेळात जात नसते" म्हणणाऱ्यांचाच आहे.

झटपट वर जाण्याची दुसरी बाजूही भाच्याला सांगायला हवी होती. लक्ष्मण शिवरामकृष्णन हा लेगस्पिनर 1983 मध्ये 17 व्या वर्षी वेस्ट इंडिजमध्ये पहिली कसोटी खेळला. 1984 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध त्याने एका कसोटीत 12 बळी घेतले. देशाने डोक्यावर घेतले. आणि 20 व्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपली होती, अवघे 9 सामने. अनेक वर्षांनी, 2021 मध्ये, त्याने जाहीरपणे सांगितले की रंगावरून त्याला आयुष्यभर भेदभाव सोसावा लागला, तोही आपल्याच देशात. पोराला वर चढवणारे हजार असतात. चेंडू वळेनासा झाला की त्याच्याजवळ बसणारे किती असतात?

आणि आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. शेतकऱ्याची पोर, 2022 मध्ये टी-20 सामन्यात तिने नाबाद 162 धावा केल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. त्या 162 धावा महाराष्ट्राच्या नव्हत्या, नागालँडच्या संघाकडून होत्या. सोलापूर जिल्ह्यातली पोरगी देशाच्या संघात पोहोचली, पण वाट हजारो मैलांचा वळसा घेऊन गेली.

मग करायचे काय? नुसती चीड व्यक्त करून पोराच्या हाती सीझन बॉल येत नाही. माझे म्हणणे साधे आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेची एक रात्र कमी करा. त्या पैशात एक मॅट, एक जाळी आणि डझनभर सीझन बॉल घ्या. समाजमंदिरात वाचनालय चालवतो तशी रोज संध्याकाळची नेट चालवा. वस्तीतला एक शिकलेला पोरगा फक्त कागदपत्रांसाठी नेमा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, जिल्हा असोसिएशनच्या 14, 16 आणि 19 वर्षांखालील निवड चाचण्यांच्या तारखा, हे त्याने बघायचे. पुण्या-सोलापूरला नोकरीला असलेल्या आपल्या माणसांनी चाचणीच्या आदल्या रात्री पोरांना घरी ठेवून घ्यावे. पहाटेची गाडी पकडून, उपाशी पोटी, ताठरलेल्या खांद्याने पोराने षटक टाकू नये. आणि पोरींनाही नेटमध्ये बोलवा, कोपऱ्यात टाळ्या वाजवायला नको.

स्पर्धेच्या चषकाला पळवणकर बाळूंचे नाव द्या. बक्षीस समारंभात त्यांची गोष्ट पूर्ण सांगा, मातीच्या भांड्यातला चहाही सांगा आणि 1937 सुद्धा सांगा. उद्या आपल्या वस्तीतले एखादे पोर 18 व्या वर्षी देशाच्या संघात गेले, तर त्याने मैदानावर कोणाचे उपकार मानत उभे राहू नये, आपल्या हक्काच्या जागी उभे राहावे. त्याच्या मागे आणखी दहा पोरे नेटमध्ये घाम गाळत असली पाहिजेत. एकाचा फोटो स्टेटसला ठेवणे सोपे आहे. दहांसाठी मॅट अंथरणे हे चळवळीचे काम आहे.

जयभीम! जय संविधान!